दोघांचा पास

शुक्रवारी, एक तारखेला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पंचनामेसाहेबांनी फ्रिंज महोत्सवाच्या तिकीट-खिडकीवर दोघांचा पास मागितला. खिडकीसमोर ते एकटेच उभे होते.

खिडकीत बसलेल्या बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोहोचलेली नव्हती. त्यांनी चष्म्यावरून आधी साहेबांकडे पाहिले, मग साहेबांच्या डावीकडे, मग उजवीकडे.

"दुसरी व्यक्ती?"

"येणार आहे."

"कधी?"

हा प्रश्न गेले अकरा महिने दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. साहेबांची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. आता चौदावा महिना चालू होता. नात चालायला लागली, तिला सहा दात आले, आणि आजी अजून तिथेच होती. प्रत्येक विचारणाऱ्याला साहेबांनी वेगळे उत्तर दिले होते. हेडबाईंना त्यांनी ताजे दिले.

"दहा तारखेपर्यंत बघू."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे, ती तसं म्हणाली आहे."

हेडबाईंनी पेन खाली ठेवले. ज्येष्ठ जोडप्यांच्या पासाबरोबर मनगटाला कागदी पट्टा बांधतात, तो खिडकीवरच आणि प्रत्यक्ष मनगटावरच बांधायचा असतो, हातात देता येत नाही, हा नियम त्यांनी वाचून दाखवला. मग न वाचता पुन्हा एकदा सांगितला. साहेबांनी लेखी अर्ज देण्याची तयारी दाखवली. तेहतीस वर्षे विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करण्यात गेलेल्या माणसाला अर्ज सुचायला वेळ लागत नाही. त्यांनी उभ्या उभ्या लिहिले : 'सदर व्यक्ती सध्या अनुपस्थित असून तिची जागा राखून ठेवण्यात यावी.' खाली सही.

हेडबाईंनी अर्ज दोनदा वाचला. "हा मंजूर करायचा अधिकार मला नाही," त्या म्हणाल्या. "पण नामंजूर करायचाही नाही." आणि दुसरा पट्टा एका पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर सही करून त्यांनी ते साहेबांच्या हवाली केले.

आता ज्यांना फ्रिंज महोत्सव ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे, की ज्या कलावंतांना मोठी नाट्यगृहे दारात उभी करत नाहीत, त्यांनी मिळेल त्या खोलीत मिळेल तेव्हा केलेले खेळ म्हणजे हा महोत्सव. दहा दिवस, एकशे बारा प्रयोग, एकोणीस जागा. त्यांत ग्रंथालयाचे तळघर होते, बंद पडलेली लाँड्री होती, पाणी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव होता. साहेबांची बायको दरवर्षी महोत्सवाची पुस्तिका आणायची, पेन्सिलीने प्रयोगांना गोल करायची आणि जेवताना ती त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची. साहेब दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." असे नऊ वेळा झाले. यंदा ती फोनवर म्हणाली, "अहो, आपल्याकडे आता सुरू होईल ना ते? तुम्ही जा की. बघा, आणि मला सांगा. दहापर्यंत मी आलेच तर शेवटचे दोन-तीन एकत्र बघू."

या 'आलेच तर'वर साहेबांनी दोघांचा पास काढला होता. तसे ते पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारे गृहस्थ. गोदाम जळाले, भिंत खचली, तळघरात पाणी शिरले, की हे जाऊन वेळ, कारण, नुकसान आणि वाचलेला माल अशा चार रकान्यांत सगळे बसवून यायचे. मत कधी द्यायचे नाहीत. कुणी मालक रडवेला होऊन म्हणालाच, "साहेब, तुम्हाला काय वाटतं?" तर उत्तर ठरलेले : "वाटण्याचा रकाना नाही." त्यावरूनच इमारतीतल्या लोकांनी त्यांना पंचनामेसाहेब म्हणायला सुरुवात केली, आणि मूळ आडनाव दारावरच्या पाटीपुरते उरले.

पास काढल्याची बातमी जिना चढायच्या आत वर पोहोचली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर सल्ला द्यायला खाली आले.

"एकट्यानं विनोदी कार्यक्रमाला जाऊ नये, साहेब. विनोदाला शेजारी माणूस लागतं. आणि गेलातच तर मागे बसा. पुढच्यांना धरतात ते."

"धरतात म्हणजे?"

"काका, काय करता, असं विचारतात आणि मग तासभर सोडत नाहीत. त्यावर माझा तोडगा आहे. खोटा धंदा सांगायचा. मी पाणबुड्या सांगतो."

समोरच्या दारातून समोरच्या वहिनींनी हे ऐकले. या शिवणकाम करायच्या. तोंडात टाचण्या असतानाही त्यांचे बोलणे स्पष्ट असे. "काही ऐकू नका भाऊजी यांचं. मागे बसलं की ऐकायला येत नाही. पहिल्या रांगेत बसा. पाय तरी पसरता येतात."

साहेबांनी दोन्ही बाजू नोंदवून घेतल्या आणि मधला मार्ग काढला. पहिली रांग, पण डावे टोक. आणि अडचण आलीच तर पाणबुड्या.

अडचण पहिल्याच दिवशी आली. ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये, एका माणसाचा विनोदी खेळ होता. हा माणूस पूर्वी दातांचा डॉक्टर होता आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघण्याची त्याची सवय गेलेली नव्हती. त्याने थेट डावे टोक गाठले. "काका, काय करता?"

"पाणबुड्या," साहेब म्हणाले, आणि लाल झाले.

"अरे वा! किती खोल जाता?"

खोटे बोलायचे तर माहिती हवी. साहेबांना तळघरातल्या पाण्याची माहिती होती. "साधारण चार फूट," ते म्हणाले.

पुढची तेवीस मिनिटे काय झाले ते सांगण्यासारखे नाही. लोकांनी पोटे धरली. साहेबांनी खिशातली वही काढली आणि, बुडत्या माणसाने फळी धरावी तशी, ती धरून लिहायला सुरुवात केली.

संध्याकाळी साडेसातला फोन लागला. तिकडे तेव्हा दुपार असते आणि नात झोपते. ही झोप पंचवीस मिनिटांची. नवरा-बायकोचा सगळा संसार सध्या त्या पंचवीस मिनिटांत चालला होता. त्यातली पहिली पाच 'जेवलात का' आणि 'गोळी घेतलीत का' यांत जायची, नंतरची पाच तिकडच्या हवेवर, आणि उरलेल्या पंधरांत दोघे एकमेकांच्या घरातले आवाज ऐकत बसायचे.

"गेला होतात?" तिने विचारले.

साहेबांनी वही उघडून वाचले. "प्रयोगाची वेळ तीन. प्रत्यक्ष प्रारंभ तीन बारा. विलंबाचे कारण, माइक. पहिले हसू तीन एकोणीस, ठिकाण चौथी रांग, एक बाई. चौकशीअंती सदर बाई कलाकाराची आई निघाली. त्यानंतर तेवीस मिनिटे विनोदाचा विषय मी. नुकसान, किरकोळ. वाचलेला माल, शेवटचा एक विनोद, चांगल्या स्थितीत."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग खरखर झाली.

"हॅलो? हॅलो? लाइन गेली का?"

"अहो, हसतेय मी," ती कशीबशी म्हणाली. "तोंडावर उशी धरून हसतेय. ती उठेल."

साहेबांनी वहीत वेळ टिपली. सात एक्केचाळीस. असे हसणे त्यांनी शेवटचे कधी ऐकले होते याची नोंद त्यांच्याकडे नव्हती, आणि नोंद नसलेली गोष्ट त्यांना रात्री जेवताना बराच वेळ आठवत राहिली.

"उद्या काय बघणार?" तिने विचारले होते.

इथून प्रकरण वाढत गेले. शनिवारी दोन प्रयोग, रविवारी तीन, सोमवारी चार. रिकाम्या तलावाच्या तळाशी बसून साहेबांनी एका दीपगृहाच्या रखवालदारावरचे संगीत नाटक पाहिले. आवाज असा घुमायचा की प्रत्येक गाणे तीनदा ऐकू यायचे, आणि तिसऱ्यांदा ते बरे वाटायचे. बंद लाँड्रीत एका मुक्या विनोदवीराने त्यांच्या हातात एक मोजा दिला आणि पन्नास मिनिटे परत घेतला नाही. साहेबांनी तो जप्तीच्या मालासारखा सरळ धरून ठेवला. पाठीला चमक भरली. वहिनींनी शेकायची पिशवी दिली आणि मॅनेजरांनी सल्ला दिला, की मोज्याची पावती घ्यायला हवी होती.

पण साहेबांच्या स्वाभिमानाला खरी जखम झाली ती आयत्या वेळच्या नाटकांत. या मंडळींकडे संहिता नसते. ती प्रेक्षकांकडे एक शब्द मागतात आणि त्यावर तिथल्या तिथे नाटक उभे करतात, गाण्यांसकट. साहेबांना ही पद्धत एकदम पटली. इथे कुणी तरी त्यांच्याकडे माहिती मागत होते. ते घरून शब्द लिहून न्यायला लागले. चांगले, वजनदार, अनुभवातून आलेले शब्द.

"हात वर केला," मंगळवारी त्यांनी फोनवर सांगितले. "उभा राहिलो. स्पष्ट आवाजात म्हणालो, 'ओल.' त्याच वेळी मागून कुणी तरी, बसूनच, ओरडलं, 'केळं!' "

"मग?"

"केळं घेतलं."

"अगं बाई! पुन्हा?"

"तीन दिवस, तीन वेगळ्या मंडळ्या, तिन्ही वेळा केळं. मी 'ओल' दिला, 'शॉर्टसर्किट' दिला, 'अपात्र दावा' दिला. 'अपात्र दावा'वर काय सुंदर नाटक झालं असतं!"

उशीतून बराच वेळ आवाज येत राहिला. मग ती शांत झाली आणि म्हणाली, "अहो, बाजूला कोण बसतं तुमच्या?"

"कुणी नाही. तुझी जागा आहे ती."

ती जागा राखणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसले होते. साहेब प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी जात, आपल्या उजव्या हाताची खुर्ची रुमालाने पुसत आणि तिच्यावर महोत्सवाची पुस्तिका ठेवत. गर्दीच्या खेळांना दारावरचे लोक येऊन विचारत, "इथं कुणी आहे का?" साहेब अर्जाची प्रत दाखवत. अर्ज वाचून माणसे गोंधळत आणि गोंधळलेली माणसे निघून जातात, हा त्यांचा जुना अनुभव होता. एक चांगला सहा फुटी गृहस्थ सत्तर मिनिटे भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबांना वाईट वाटले. ते त्यांनी वहीत लिहिले नाही.

कलावंत मंडळी मात्र वेगळेच बघत होती. एक वयस्क गृहस्थ रोज पहिल्या रांगेत येतात. हसत नाहीत. घड्याळ बघून लिहितात. शेजारची खुर्ची कुणाला देत नाहीत आणि विचारले तर कागद दाखवतात. दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही. हे परीक्षक. आणि रिकामी खुर्ची मुख्य परीक्षकांची, ते न सांगता कधीही येऊन बसतील.

बुधवारपासून चमत्कार सुरू झाले. प्रयोग वेळेवर सुरू होऊ लागले. दारावर साहेबांना चहा मिळू लागला. आणि सगळे कलावंत रिकाम्या खुर्चीकडे बघून काम करायला लागले. विनोद तिला सांगितले जात. गाणी तिच्याकडे हात पसरून म्हटली जात. लाँड्रीतल्या मुक्याने मोजा या वेळी साहेबांना न देता खुर्चीच्या हातावर हळूच ठेवला. तलावातल्या रखवालदाराने शेवटचे विरहगीत म्हटले तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता आणि त्याचे डोळे त्या खुर्चीवरच्या पुस्तिकेवर खिळले होते.

साहेबांना कारण कळले नाही. पण जे दिसले ते त्यांनी बुधवारच्या फोनवर वाचून दाखवले. "कलाकार एकूण सहा. प्रयोगाअखेर सर्वांनी रांगेत उभे राहून तुझ्या खुर्चीला वाकून अभिवादन केले. कारण अज्ञात."

या खेपेला उशीचा आवाज आला नाही.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, सोमवारपासून येणार होती ना ती बाळाला सांभाळणारी बाई? तिचा घोटा मुरगळलाय. लेकीला रजा नाही. बघू कसं जमतंय."

"काही घाई नाही," साहेब म्हणाले.

तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या हातून गेलेला हा पहिला खोटा अहवाल.

गुरुवारी सकाळी सव्वा अकराला महोत्सवाच्या संचालकांनी त्यांना बोलावून घेतले. संचालकांच्या टेबलावर सात भित्तीपत्रके पसरलेली होती. एकावर मोठ्या अक्षरांत छापले होते : ' "पहिले हसू सहाव्या मिनिटाला" – पंचनामेसाहेब.' दुसऱ्यावर : ' "वाचलेला माल चांगल्या स्थितीत" – पंचनामेसाहेब.' प्रयोग संपल्यावर कुणी नम्रपणे विचारले तर साहेब वहीतली ओळ वाचून दाखवत. माहिती लपवणे त्यांच्या तत्त्वात बसत नसे.

"आपण कोण?" संचालकांनी विचारले.

"प्रेक्षक."

"आमचे खरे तीन परीक्षक तिसऱ्या रांगेत बसतात. कालपासून त्यांच्याकडे एकही कलावंत बघत नाहीये. त्यांनी लेखी तक्रार केली आहे. तुम्ही लिहिता काय?"

"जे घडतं ते."

"कुणासाठी?"

"बायकोसाठी."

"आणि ती खुर्ची?"

"तीही बायकोसाठी."

"मग त्या कुठे आहेत?"

साहेबांनी टेबलावरचे एक तिरके भित्तीपत्रक सरळ केले. कोपऱ्यात हेडबाई बसल्या होत्या. त्यांनी साहेबांकडे अशा मुद्रेने पाहिले, जशा त्या बहुधा वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पण निरपराध मुलांकडे पाहत असतील.

संचालक म्हणाले, की पुरे झाले, दुसरा पास रद्द करा, लोक उभे राहतात. हेडबाईंनी फाइल उघडली. "अर्ज माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "जागा राखून ठेवावी असं लिहिलंय. कधीपर्यंत ते लिहिलेलं नाही. मुदत नसलेल्या अर्जाची मुदत संपत नाही."

संचालकही कधी काळी कुणाच्या तरी शाळेत गेलेले असणार, कारण त्यांनी वाद घातला नाही. तडजोड अशी झाली, की खुर्ची राहील, पण साहेबांनी गळ्यात एक पुठ्ठा अडकवायचा. पुठ्ठ्यावर लिहिलेले होते : 'मी परीक्षक नाही.'

तो पुठ्ठा घालून रस्त्याने चालताना साहेबांना जे वाटले त्याला रकाना नव्हता. मॅनेजरांनी जिन्यात अडवून सांगितले, की हे बदनामीत बसते, वकील गाठा. वहिनींनी पुठ्ठ्याला मऊ नाडी शिवून दिली, कारण सुतळीने मान सोलत होती. कलावंतांवर मात्र पुठ्ठ्याचा परिणाम उलटाच झाला. "खरे परीक्षकच असं लिहून फिरतात," असे त्यांचे ठरले, आणि शुक्रवारी खुर्चीला फुले मिळाली.

शनिवारी फोन साडेसातलाच लागला. पण जेवणाची चौकशी झाली नाही, गोळीची झाली नाही.

"अहो, दहाला नाही जमत."

दहा तारीख म्हणजे उद्या. तिकीट काढलेले नाही हे साहेबांना ठाऊक होते, आणि विमानाला किती तास लागतात हेही. तरी ते म्हणाले, "बरं."

"ती बाई अजून लंगडतेय. पुढच्या महिन्यात बघू."

"बरं."

"रागावलात?"

"छे."

"वाचा ना आजचं."

साहेबांनी वाचले. प्रारंभ, विलंब, पहिले हसू. कुठे तरी वाचण्यात चूक झाली असावी, कारण ती हसली नाही, आणि त्यांनाही आपले अक्षर लागेना. दोघांनी मग नातीच्या श्वासाचा आवाज ऐकला. तो फोनमधून ऐकू येतो असे दोघेही धरून चालत.

रविवारी चार वाजता शेवटचा प्रयोग होता. जुन्या टपाल कार्यालयाचे पत्रे वेगळी करायचे दालन, भिंतीभर रिकामे कप्पे, मधोमध साठ खुर्च्या. आयत्या वेळचे संगीत नाटक. चार कलावंत, एक कीबोर्ड. मंडळींची म्होरकी लाल विजार घातलेली एक उंच बाई होती. गेल्या आठवड्यात हिनेही एकदा साहेबांसमोर केळे घेतले होते. साहेब जाणारच नव्हते. पण वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "पास आहे ना आजचा? मग जा." ते गेले. खुर्ची पुसली, पुस्तिका ठेवली. ती येणार नाही म्हणून यांत फरक का करायचा हे त्यांना कळले नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी लाल विजारवाली पुढे आली.

"आज शब्द नको," ती म्हणाली. "दहा दिवस शब्द घेतले. आज एक वाक्य द्या. घरी कुणाला तरी बोलायचं आहे आणि बोललं गेलं नाही, असं."

साठ माणसे. एकानेही केळे म्हटले नाही. कुणी खोकले, कुणी बुटाची नाडी बघितली. एका जोडप्यातला नवरा बायकोकडे पाहून चटकन छताकडे पाहायला लागला. लाल विजारवालीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग तिच्या शेजारी.

साहेब उभे राहिले. हा सवयीचा दोष. नऊ दिवस कुणी काही मागितले की ते उभे राहत आले होते. खिशात शब्दांची यादी होती. त्यात वाक्य नव्हते.

"मला करमत नाही," ते म्हणाले.

आवाज पंचनाम्याचा होता, स्वच्छ आणि एका पट्टीतला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. ते ऐकून स्वतः साहेबच इतके दचकले, की आणखी कुणी तरी बोलले असावे म्हणून त्यांनी मागे वळून पाहिले.

"घेतलं," लाल विजारवाली हळूच म्हणाली.

पुढची पन्नास मिनिटे त्या दालनात दोन दिव्याच्या खांबांची गोष्ट झाली. रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. पलीकडचा दुरुस्तीला म्हणून उपटून नेतात, तीन दिवसांत आणतो म्हणतात, आणि आणत नाहीत. अलीकडचा रोज वेळेवर पेटतो आणि विचारणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सांगतो, आपलं उत्तम चाललंय. गाणी वेडीवाकडी होती. कीबोर्डवाला एकदा चुकला. खांब झालेला नट जाडा होता आणि कुत्रा झालेली नटी त्याहून. लोक हसून हसून खाली घसरले. शेवटच्या गाण्याचे ध्रुवपद ते तीन शब्द होते, आणि तिसऱ्या फेरीला साठही माणसे ते म्हणायला लागली. नाडी बघणाराही म्हणत होता. छताकडे बघणाराही.

साहेबांच्या वहीत त्या प्रयोगाची नोंद अशी आहे : 'प्रारंभ ४.०६.' त्यापुढे पान कोरे.

सात वाजता त्यांनी मॅनेजरांचे दार वाजवले. असे ते कधी करत नसत. "मला अहवाल द्यायचा आहे," ते म्हणाले, "आणि माझ्याकडे नोंद नाही." मग काय घडले ते त्यांनी सांगितले. आवाज ऐकून वहिनीही वर आल्या.

"सोपं आहे," मॅनेजर म्हणाले. "सांगा, केळं घेतलं."

"मॅनेजर, तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही आजवर पंचनाम्यात खोटं लिहिलंय?"

"एकदा," साहेब म्हणाले. "बुधवारी."

साडेसातला फोन लागला.

"झाला शेवटचा?" तिने विचारले. "काय होतं? पुन्हा केळं?"

"नाही. आज वाक्य मागितलं. घरी न बोललेलं."

"मग? दिलं कुणी?"

"प्रेक्षकांतून आलं."

"कुठल्या प्रेक्षकाकडून?"

"पहिली रांग," साहेब म्हणाले. "डावं टोक."

पलीकडे कुठले तरी यंत्र बंद झाले, बहुधा कपडे धुण्याचे.

"तुम्ही?"

"हं."

"काय दिलंत?"

साहेबांनी वही उघडली. पानावर काही नव्हते, तरी त्यांनी ते वाचल्यासारखे सांगितले. "वाक्य पुढीलप्रमाणे. मला करमत नाही."

आवाज आला नाही. उशीचाही नाही. या खेपेला साहेबांनी हॅलो म्हटले नाही. ते फोन कानाला लावून, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता बसून राहिले. मग लांब कुठे तरी नात उठली आणि रडायला लागली.

"उठली ती," बायको म्हणाली. "ठेवते."

सात बावन्नला फोन बंद झाला.

सोमवारी साडेसातला फोन आला नाही. साहेबांनी लावला, तो उचलला गेला नाही. मॅनेजर म्हणाले, तुम्ही घाई केलीत. वहिनींनी जेवणाचा डबा दिला.

मंगळवारी सकाळी सहा वीसला साहेबांना लेकीचा रात्री आलेला निरोप दिसला. 'बाबा, आज आई दिवसभर तिचा पासपोर्ट शोधत होती. कशाला हवाय ते सांगत नाही. तुमचं काही बोलणं झालंय का?'

साहेबांनी पाच वेळा उत्तर लिहून पुसले. सहाव्यांदा लिहिले, 'महोत्सवाबद्दल झालं,' आणि पाठवले.

दुपारी तीनला दुसरा निरोप आला. पासपोर्ट सापडला होता. जावयाच्या खणात, गाडीच्या कागदांखाली. आईने तो घेतला, उघडून पाहिला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. बाळ सांभाळणारी बाई गुरुवारी येऊन बघते म्हणाली आहे. घोटा अजून पूर्ण बरा नाही.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहापर्यंत मिळालेली माहिती एवढीच आहे. पासपोर्ट पर्समध्ये आहे. पर्स आईच्या पलंगाशेजारी आहे. तिकीट काढलेले नाही.